पालथी बाजू

आईला पाणी हवं होतं म्हणून गाडी थांबवली, एवढंच निमित्त. तेरहून गंगाखेडकडे निघालो होतो. रस्त्याला लागून एक घर, पुढं सारवलेलं अंगण, कडेला कडुलिंब आणि त्याच्या सावलीत एक आजी वाकळ शिवत बसलेल्या. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणून घेतलेलं. कडेकडेनं धावदोरा घालत त्या आत आत सरकत होत्या, शिवून झालेल्या भागावरच बसून पुढचं शिवत होत्या. वरच्या थरात एका जुन्या इरकलीचा लाल काठ, कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाचा खाकी तुकडा, फुलाफुलांच्या पातळाचं विटकं निळं. फोटो काढू का, मी विचारलं. ‘काढ की,’ त्या मान वर न करता म्हणाल्या. ऊन तिरपं झालं होतं. गोधडीवर समोरून उजेड पडला तर फोटो सपाट येतो, नुसते रंग दिसतात. ऊन कडेनं आलं तरच टाक्याटाक्याशी कापडाला पडलेली बारीक खळी आणि दोन ओळींमधला फुगवटा उठून दिसतो. तसलं ऊन आयतं मिळालं होतं. मी गुडघ्यांवर बसून, मग कोपरांवर रेलून सुईचे, बोटांचे, दोऱ्याचे फोटो काढत राहिले. आई तोवर त्यांच्या सुनेशी पावसाचं बोलत होती. निघताना ‘येते आजी’ म्हटलं, तर त्यांनी सुई कापडात खोचली आणि म्हणाल्या, ‘माय, नुसती वरूनच बघालीस. पालथी करून बघ की तिला.’

मी काही करायच्या आत त्यांनीच एका कोपऱ्यावरचा दगड सरकवला आणि कापड उलटलं. खाली धोतराचं अस्तर होतं, धुऊन धुऊन पिवळसर पडलेलं. ना काठ, ना फूल. पण टाके वरच्याइतकेच सारखे, ओळीला ओळ लागून, आणि गाठ म्हणून कुठं दिसेना. मी त्यावरून बोट फिरवलं. गाठी कुठं आहेत, विचारलं. ‘आत घ्याव्या लागत्यात. न्हाई तर टोचत्यात अंगाला.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘वरची बघणाराची, माय. अंगाला लागती ती ही.’ वाकळ नातवाच्या पोरासाठी चालली होती.

मी त्या बाजूचाही फोटो काढला. त्यात बघण्यासारखं काही नाही.

पण घरी आल्यावर बाकीचे सगळे फोटो बाजूला राहिले आणि तो पिवळसर, काहीच नसलेला फोटो मी पुन्हा पुन्हा उघडून बघू लागले. जे बघायला कुणी येणार नाही तिथं त्या बाईंनी इतका जीव ओतला होता, आणि तेही फार काही केल्याच्या आविर्भावात नाही, तर मूल झोपलं पाहिजे एवढ्या साध्या कारणासाठी. मला लोक विचारतात, सुचतं कुठून, रोज उठून काही करावंसं वाटतं ते कशानं. मी आजवर प्रवासाचं नाव घेत आले. डोंगर, घाट, नदीवरची पहाट. ते खरंच आहे, त्यांनी मला पुष्कळ दिलं. पण त्या अंगणातून निघाल्यापासून माझी नजर जरा वेगळीकडे जाते. कुठलीही गोष्ट हातात आली की ती उलटून बघावीशी वाटते, आणि बघितलं की बहुतेक वेळा मागच्या बाजूला कुणीतरी काम करत बसलेलं सापडतं.

आमच्या घरातल्या वाकळा आजीच्या हातच्या. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर जायचं. ओली वाकळ एकटीला उचलायची नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, एकीनं उजवीकडे पिळायचं, दुसरीनं डावीकडे, पाणी निथळलं की खडकावर पसरायची. दुपारपर्यंत ती वाळत यायची आणि तिला एक वास सुटायचा. उन्हाचा, धुण्याच्या सोड्याचा आणि त्याखाली कितीही धुतला तरी न जाणारा माणसाच्या अंगाचा. एका वर्षी खडकावर आपटताना एका वाकळेची कड उसवली, तर आतून दुसरी वाकळ निघाली. विरलेली वाकळ टाकून देत नाहीत, नवीच्या पोटात घालतात, हे मला तेव्हा कळलं. त्या आतल्या वाकळेला जांभळ्या लुगड्याचा तुकडा होता. आई म्हणाली, हे आजीच्या सासूबाईंचं. आम्ही भावंडं इतकी वर्षं जिला डोळ्यांनी पाहिलंही नाही अशा एका बाईच्या लुगड्यात गुरफटून झोपत होतो. आजीनं तो तुकडा न्याहाळला, परत आत सारला आणि कड शिवून टाकली. तिनं तो वर लावला नाही, कुणाला दाखवायला ठेवला नाही. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं होतं. आता वाटतं, त्याची जागा आतच होती. वर लावला असता तर तो उन्हानं कधीच विटून गेला असता.

त्या दिवशी सकाळीच तेरला त्रिविक्रमाचं देऊळ पाहिलं होतं. समोरून ते तसं साधं दिसतं. सपाट छताचा मंडप, तोही मागाहून जोडलेला. आईला उन्हाचा त्रास होत होता म्हणून सावली शोधत आम्ही देवळाला वळसा घातला, आणि मागे गेल्यावर मी थबकलेच. गाभाऱ्याची भिंत तिथं गोल वळते, विटांची, वर हत्तीच्या पाठीसारखं कमानदार छप्पर. अजिंठ्यात, कार्ल्याला खडकात कोरलेले चैत्य आपण पाहतो, त्यांचा बाहेरचा आकार कधी दिसत नाही, कारण बाहेर डोंगरच असतो. इथं तोच आकार विटांत बांधून मोकळ्या हवेत उभा केलेला. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावं असं अनेक अभ्यासक म्हणतात. मग कधीतरी आत त्रिविक्रम आला, पुढं मंडप आला, लोक पुढून येऊन पुढून जाऊ लागले, आणि देवळाचं सगळं जुनेपण मागच्या भिंतीनं सांभाळलं. त्या भिंतीला मी हात लावला. विटा उन्हानं तापलेल्या होत्या, सांध्यांमधून गवताची पाती उगवलेली. एका विटेवर काहीतरी उमटल्यासारखं वाटलं, बोटांचा ठसा असावा असं मनात आलं, पण पावसानं झिजूनही तसं होऊ शकतं. आई म्हणाली, ‘असू दे की कुणाचं तरी बोट.’

हे तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणांत पैठणबरोबर तगरचंही नाव येतं. इथून सुती कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून समुद्रापार. ते कापड कुणी कातलं, कुणी विणलं, याबद्दल टिपणांत अर्थातच काही नाही. दुपारी वाकळेचं अस्तर हातात घेताना सकाळी वाचलेलं ते आठवलं. त्या जाड्याभरड्या सुताशी माझं बोट अडखळलं ते कदाचित त्यामुळेही असेल.

तेर आपल्याला माहीत असतं ते गोरोबाकाकांमुळे. त्यांच्या समाधीपाशी आई बराच वेळ बसली. मी बाहेर येऊन विचार करत राहिले तो मडक्याचा. लहानपणी गावच्या कुंभारवाड्यात मी तासन्‌तास उभी राहायचे. चाकावरून उतरलेलं मडकं जाड असतं, त्याचा आकार अजून व्हायचा असतो. मग कुंभार एका हातानं आतून गोल दगड धरतो आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी थापटण्यानं बाहेरून थापटत जातो. बाहेरचा हात सगळ्यांना दिसतो, त्याचा आवाजही येतो, थप थप थप, एका लयीत. आतला हात दिसत नाही. पण मडक्याची भिंत सगळीकडे सारखी होते ती त्या आतल्या हाताच्या हिशेबावर. थापटणं जिथं पडणार तिथं दगड आधी पोचलेला हवा, क्षणभरही मागे-पुढे झालं की मडकं फुगतं किंवा फाटतं. मी त्या कुंभारमामांना विचारलं होतं, आत हात कुठं आहे ते दिसत नाही तर कळतं कसं. ते म्हणाले, ‘दिसत न्हाई म्हनूनच कळतं.’ तेव्हा ते उत्तर मला टाळाटाळ वाटलं होतं. आता कपड्याला टीप घालताना, आतल्या बाजूनं बोटांनी सुई चाचपडताना, मामांचं म्हणणं दर वेळी खरं ठरतं.

येवल्याला मावसबहिणीच्या लग्नाची पैठणी घ्यायला गेलो होतो ती गोष्टही अशीच परत वर आली. मागावर बसलेले काका पदरावर मोर विणत होते. प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धाग्याची छोटी कांडी, अशा कितीतरी तिल्ल्या ओळीनं लोंबत होत्या, आणि एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथं दोन धागे एकमेकांत अडकवून पुढं जायचं. मोराच्या मानेच्या एका वळणावर ते जितका वेळ रेंगाळले तितक्या वेळात बाजूच्या यंत्रमागावर हातभर कापड निघालं असतं. असा धागा अडकवून विणल्यामुळे मागे एकही सूत सुटं राहत नाही. मोर जसा पुढून तसाच मागून, फक्त तोंड दुसरीकडे केलेला. मावशीनं दुकानात शिरल्या शिरल्या पदर उलटला आणि अंगठ्यानं चाचपला. यंत्रावरच्या नकली मालात मागे धागे लोंबकळतात किंवा कापलेले असतात, म्हणून जाणती बाई आधी पाठ बघते. दुकानदारालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट त्यानं दिवा जवळ ओढला. मी मात्र काकांना एक विचारलं होतं. पदराची मागची बाजू नेसल्यावर कुणाला दिसते? ते हसले. ‘नेसणारीला दिसते ना. घडी घालताना.’

लग्न झालं, हॉलमधले फोटो आले, त्यात मोर झगमगतोय. पण बहीण मला सांगत होती ते वेगळंच. घरी आल्यावर रात्री सगळे झोपल्यावर तिनं पैठणी सोडली, पलंगावर पसरली, घडी घालायला घेतली, आणि पदराची पाठ दिसली तेव्हा तिला दिवसभरात पहिल्यांदा रडू आलं.

वडील असते तर त्यांना हे सगळं सांगितलं असतं. त्यांना फोटोग्राफीचं वेड होतं, आणि आमच्या न्हाणीघराची डार्करूम झालेली असायची. लाल दिवा, हायपो या रसायनाचा नाकात जाणारा वास, बादलीवर ठेवलेली फळी. निगेटिव्ह हातात दिली की ते पहिलं विचारायचे, ‘चकचकीत बाजू कुठली, मंद कुठली?’ मसाल्याची, म्हणजे रसायनाचा थर असलेली, बाजू मंद असते, चित्र तिच्यावर असतं. ती उलटी बसली तर छापलेल्या फोटोत डावं-उजवं बदलतं. असाच एक फोटो घरात अजून आहे. आत्या अंगणात उभी आहे आणि तिचा पदर उजव्या खांद्यावर आहे. आमच्यात कुणीच तसा पदर घेत नव्हतं. शेजारी उभ्या काकांच्या सदऱ्याचा खिसाही उजवीकडे गेलाय. वडिलांना तो फोटो फाडवेना, कारण आत्या त्यात मोकळेपणी हसली होती आणि निगेटिव्ह पुढं बुरशीनं गेली. म्हणून घरातली सगळ्यात हसरी आत्या कायमची आरशातून बघावी तशी उरली आहे. तो फोटो हातात घेतला की मी नकळत मनातल्या मनात तिला वळवून घेते.

जुन्या फोटोंना पाठ असायची, हे आता सांगावं लागतं. पुढं चेहरे आणि मागं शाईनं लिहिलेला मजकूर. स्टुडिओचा गोल शिक्का, तारीख, कधी कुणाचा पत्ता, कधी ‘परत करणे’. आजोबा मास्तर होते, त्यामुळे त्यांच्या फोटोंच्या पाठी म्हणजे हजेरीपटच. ‘डावीकडून’ असं लिहून ओळीनं नावं. काकांच्या मुंजीचा एक मोठा फोटो आहे, सगळा गोतावळा त्यात आहे, पुढं सतरंजीवर मुलं, खुर्च्यांवर पुरुष, मागं उभ्या बायका. त्यात आजी नाही. वर्षानुवर्षं तो फोटो भिंतीवर होता आणि आजी त्यात का नाही हा प्रश्न कुणाला पडल्याचं मला आठवत नाही. वडील गेल्यावर घर आवरताना मी तो काचेतून काढला. मागे आजोबांचं ते टपोरं अक्षर, सगळी नावं, आणि सगळ्यात खाली, जागा संपत आली म्हणून बारीक करून लिहिलेलं: ‘ही येऊ शकली नाही. पुरण शिजत होते.’

एवढंच. तिचं नावही नाही, ‘ही’. त्या वाक्याचा मला राग आला, खूप आला. पंगतीच्या पंगती उठवल्या त्या बाईला एका फोटोपुरतं बाहेर बोलावता येऊ नये? चूल पाच मिनिटं दुसऱ्या कुणी बघितली नसती? आणि त्याच वेळी दुसरंही काहीतरी आत हललं. आजोबांना ती नसल्याचं दिसलं होतं. इतक्या गर्दीत, इतक्या गडबडीत, त्यांनी ते लिहून ठेवलं होतं. हे दोन्ही मनात एकदमच असतं, आणि त्यातलं एक मागे ढकलावं असं मला वाटत नाही.

मागची बाजू म्हणजे सगळी मायाच असते असं समजायचं कारण नाही, हे मी त्या फोटोमुळे शिकले. मागे जागा मिळते तशी मागे ढकललंही जातं. आपल्या वाड्यांना परसदार असायचं, कामाची सगळी माणसं त्यातून यायची, आणि पुढच्या दारानं यायची मुभा कुणाला आहे हे गावाला पाठ असायचं. चोखोबांना पायरीच्या अलीकडेच राहावं लागलं आणि आज त्यांची समाधी तिथंच आहे. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हायला १९४७ चा मे उजाडावा लागला, साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. वारीत जाणाऱ्या प्रत्येकानं त्या पायरीपाशी थांबावं असं मला फार वाटतं. आत जाऊन पायांवर डोकं टेकवण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. कधी कधी त्याहून जास्त.

औंढ्याला पोचलो तेव्हा हेच सगळं डोक्यात होतं. नागनाथाच्या देवळाची गोष्ट आईनं मला लहानपणी इतक्यांदा सांगितली होती की मी ती कान देऊन ऐकणं सोडून दिलं होतं. नामदेव समोर कीर्तन करायला लागले, पुजाऱ्यांना ते खपलं नाही, मागे जा म्हणाले. नामदेव वाद न घालता मागे गेले आणि तिथं उभे राहून गायला लागले. मग देऊळच फिरलं. देवानं तोंड त्यांच्याकडे केलं. त्याची खूण म्हणून तिथं नंदी देवळाच्या मागे दाखवतात. या वेळी तो नंदी बघताना मला चमत्काराचं काही वाटलं नाही. मला दिसला तो मागे गेलेला माणूस. अपमान झालाय, आवाज कापत असणार, समोर नुसती दगडी भिंत आहे, तिच्यावर सुरसुंदरी आणि देवादिकांच्या मूर्ती ओळीनं कोरलेल्या, आणि हा तिथं टाळ उचलतो. देऊळ फिरलं की नाही यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. आईच्या दृष्टीनं ते फिरलंच. माझ्या दृष्टीनं, त्यानं भिंतीसमोर गायला सुरुवात केली तेव्हाच जे व्हायचं ते झालेलं होतं.

भिंतीपाशी आई थांबली. ही तिची जुनी सवय आहे. देवळात मागे गेली की ती गाभाऱ्याच्या पाठभिंतीला कपाळ टेकवते. आमच्या गावच्या महादेवाला पुरा वळसा घालत नाहीत, गोमुखापर्यंत जाऊन परत फिरतात, त्यामुळे मागच्या भिंतीवरून जाताना एकदा आणि येताना एकदा जाणं होतं, आणि आई दोन्ही वेळा कपाळ लावते. मी तिला विचारलं, समोर जाऊन बोलून आलीस ना, मग इथं काय? ती म्हणाली, ‘समोर गर्दी असते. कुणीतरी पाठीशी उभं असतं, पुजारी पुढं सरका म्हणतो. तिथं मी नुसता नमस्कार करते. जे सांगायचं ते इथं सांगते.’ काय सांगतेस, हे मी विचारलं नाही. वडिलांच्या आजारपणात ती रोज गावच्या महादेवाच्या त्या भिंतीपाशी जायची एवढं मला माहीत आहे. भिंतीचा तो दगड इतर दगडांपेक्षा काळा आणि गुळगुळीत आहे. बायकांच्या कपाळाशी येईल अशा उंचीवर.

परतीच्या वाटेवर आई झोपली आणि मी पुंडलिकाचा विचार करत होते. त्याची गोष्ट आपण आईवडिलांच्या सेवेची म्हणून सांगतो. पण ती सगळी घडते ती पाठीमागे. तो पाय चेपत बसलाय, देव येतो आणि त्याच्या पाठीशी उभा राहतो. पुंडलिक वळत नाही. हातातलं काम सोडत नाही. मागे वीट सरकवतो आणि थांब म्हणतो. मी स्वतःला फार श्रद्धाळू म्हणवत नाही, पण कामाच्या संदर्भात ही गोष्ट मला पटते, अगदी शब्दशः पटते. जेव्हा जेव्हा मला काही बरं सुचलं तेव्हा मी दुसरंच काहीतरी करत होते. शेंगा सोलत होते, आईच्या पायाला तेल लावत होते, उसवलेली शिवण घालत होते. सुचण्यासाठी म्हणून नदीकाठी जाऊन बसले तेव्हा नदी दिसली, छान दिसली, आणि तेवढंच. चंद्रभागेच्या वाळवंटात सूर्यास्ताचे फोटो काढायला उभी होते तेव्हा शेजारच्या एका वयस्क फोटोग्राफरनं मला नुसतं खांद्याला धरून वळवलं होतं. सूर्याकडे पाठ करून बघितलं तर तोच तांबूस उजेड समोर लोकांच्या चेहऱ्यांवर पडला होता, ओल्या लुगड्यांवर, एका बाईच्या कडेवरच्या पोराच्या कानांच्या पाळ्यांवर. कानाची पाळी त्या उजेडात लालबुंद दिसत होती. तो फोटो मी आजही कुणाला दाखवते तेव्हा सूर्यास्त कुठाय असं कुणी विचारत नाही.

आता मी एक ठरवलंय. फोनमधल्या फोटोंना पाठ नसते. वेळ, जागा, कॅमेऱ्याचं माप, सगळं त्यांच्यात आपोआप नोंदलं जातं, पण पुरण शिजत होतं हे त्यात नोंदलं जात नाही. म्हणून दर महिन्याला त्यातले थोडे छापून आणते आणि मऊ पेन्सिलनं मागे लिहिते. पेनानं लिहिलं तर शाई पुढं उमटते, म्हणून पेन्सिल, आणि फोटो कडक काचेवर ठेवून, हलक्या हातानं. कोण आहे ते लिहिते, आणि कोण नाही, तेही. वाकळेच्या त्या फोटोमागे लिहिलंय: ‘आजींनी नाव सांगितलं नाही. सून चहा ठेवत होती, ती फोटोत नाही. आई पावसाचं बोलत होती.’ मुंजीच्या फोटोमागे आजोबांच्या ओळीखाली मी आजीचं पूर्ण नाव घातलं, माहेरच्या नावासकट. लिहावं की नाही यावर बरेच दिवस गेले. त्यांच्या अक्षराखाली माझं अक्षर बरं दिसत नाही, पण ते राहू दे.

आईला या कामाची आता माझ्यापेक्षा जास्त गोडी लागली आहे. दुपारचा चहा झाला की ती जुनी पत्र्याची पेटी ओढते, चश्मा पुसते, एकेक फोटो उलटून आधी मागचं वाचते आणि मगच पुढं बघते. ज्यांच्या मागे काही नाही त्यांचा वेगळा ढीग केलाय. काल त्यातला एक घेऊन आमचं बराच वेळ चाललं होतं. मागच्या रांगेत दोन बायकांच्या मधे एक अर्धा चेहरा आहे, एक डोळा आणि कपाळावरच्या कुंकवाची कड, बाकीचं पुढच्या फेट्याआड. मी म्हणत होते ती सुमनमावशी. आई म्हणाली, सुमन तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती, ही सोलापूरची वत्सला. मी म्हटलं, एका डोळ्यावरून? ती म्हणाली, ‘डोळ्यावरून नाही गं, कुंकवावरून. वत्सला आडवं लावायची.’ मग तिलाही शंका आली. शेवटी पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, ‘थांब, मामाला फोन लाव. त्याला ठाऊक असणार, त्या दिवशी पाणी तोच वाढत होता.’